मामाजीचा टोला

अल्का शहारेला रस्ता विचारायचा असेल तर हाताशी वेळ ठेवून विचारावा. "पुढून डावीकडे वळा" एवढ्यावर ती माणसाला सोडत नाही. डावीकडे कुठली बोडी, म्हणजे लहान तळं, लागेल, तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड कुठल्या बाजूला आहे, पुढचा विजेचा खांब कसा कलला आहे, सगळं सांगते. ऐकणारा मध्येच गाडीला किक मारू लागला की रागावते. "चुकशीन मंग, आन् मले नाव ठेवशीन," म्हणते. तिचा नवरा रत्नपाल गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो गिऱ्हाइकांना आधीच हात जोडून सांगतो, "मॅडम से पता मत पूछना भाई, शाम हो जाएगी."

पण तिचं बरोबर आहे हो. रस्ता सांगणं हेच तिचं काम, आणि त्या कामात एकदा दोन जीव टांगणीला लागले होते. तेच सांगतो आहे.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जूनमध्ये शाळा उघडली तर भिंतीवरचा नकाशा खोटा ठरलेला! नवा छापून यायला अवकाश होता, म्हणून गुरुजींनी मुलांनाच नव्या जिल्ह्याचा नकाशा काढायला लावला. नववीतल्या अल्कानं काढला आणि नवेगावबांधच्या बाजूला एक ठळक ठिपका देऊन आपल्या गावाचं नाव लिहून टाकलं.

"हे गाव कुठल्या नकाशात आहे गं?" गुरुजी म्हणाले.

"माह्या," अल्का म्हणाली.

छडी बसली असती, पण गुरुजींना हसू आलं. पोरगी वाचली, आणि तिथूनच तिचं डोकं फिरलं म्हणायला हरकत नाही. बाप गुलाब शहारे. त्याची इच्छा लेकीनं मास्तरीण व्हावी. तिनं आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स धरला, मग नागपूरला जाऊन कॉम्प्युटरवरचे नकाशे शिकली. गुलाबनं एकच अट घातली होती, "शिक बापा, पन काय शिकून राहिलीस ते मले लोकाहीले सांगता आलं पाहिजे." मग अल्कानं चार ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवून दाखवले. एकावर जंगल, एकावर तलाव, एकावर विजेच्या तारा, एकावर रस्ते. कॉम्प्युटरात हे सगळे एकमेकांवर नेमके बसतात, आणि पाहिजे तो थर उघडून पाहता येतो.

"म्हंजे गोधडी," गुलाब म्हणाला. "थरावर थर शिवून राहिली पोरगी." आणि गावभर तेच सांगत सुटला.

नोकरी अशी एका जागी नव्हतीच. आज या कंपनीचं कंत्राट, उद्या त्या. ज्याला त्याला नकाशा हवा असायचा आणि ज्याचं त्याचं दुखणं वेगळं. वनविभागाला जाळरेषा पाहिजेत. वणवा पसरू नये म्हणून जंगलात झाडझुडूप साफ करून ठेवलेल्या पट्ट्या त्या. भर उन्हाळ्यात अल्का त्या पायी चालली, हातात टीव्हीच्या रिमोटएवढं जीपीएसचं यंत्र घेऊन. वीजवाल्यांना प्रत्येक खांब आणि डीपी नकाशात हवी, म्हणजे लाइट गेली की कुठून गेली ते कळेल. मोबाईलवाल्यांना डोंगर कुठं आडवा येतो ते बघायचं. तेलकंपनीला कोहमाऱ्याच्या चौकात ट्रक कुठून येतात नि कुठल्या ढाब्यापुढं थांबतात ते पाहिजे होतं. त्या कामात अल्कानं चहा पिऊन पिऊन पित्त करून घेतलं. बिरसीला तर गंमतच. विमानतळाच्या आसपास उंच काय काय आहे ते मोजायला गेली, तर एक म्हातारा आपल्या आंब्याच्या झाडाला पाठ लावून उभा.

"काऊन मोजून राहिली वं माहा आंबा? तुह्या विमानाले जागा नाई का आभाळात?"

आणखी एक किस्सा ती फार रंगवून सांगते. आपल्याकडचे जुने मोठे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले. सरकारी कागदात 'माजी मालगुजारी', त्याचं झालं 'मा. मा.', आणि लोकांच्या तोंडी झालं 'मामा तलाव'. अल्कानं तलावांचा थर तयार करून पाठवला, तर वरून कुणा साहेबाचा फोन, "मॅडम, तुमच्या जिल्ह्यात इतके तलाव एकट्या मामाचे कसे? कोण आहे हा मामा?" अल्का दोन दिवस हसत होती. हसली खरी, पण हाच मामा पुढं तिला चकवणार होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते काही उगाच नाही.

झालं असं. सन अकराच्या धानकापणीत नागपूरच्या एका कंपनीचं काम आलं. जिल्ह्यातला एकेक टोला, म्हणजे मूळ गावापासून फुटून लांब वसलेली वस्ती, नावानिशी मोबाईलवरच्या नकाशात घालायचा. हिंडता हिंडता अल्का दरेकशाच्या डोंगराकडं पोचली. जंगलाच्या कुशीत एक तलाव, तलावाच्या पाळीखाली मोजकी घरं. सगळी माणसं धान कापायला गेलेली. एका ओसरीत देवकाबाई तेवढी बसली होती, पाय मुरगळला म्हणून मागं राहिलेली.

"आजी, पानी भेटन का? मी शहारे, गोंदियाची."

आडनाव अल्का आधीच सांगून टाकते. नंतर कुणी घुटमळत जात विचारण्यापेक्षा ते बरं, असं तिचं म्हणणं. देवकाबाई पोवाराच्या घरची, बोलायला फटकळ.

"पानी का आडनावाले पाजतेत वं? तहानलेल्याले पाजतेत. ये, सावलीत बस."

पाणी झालं, चहा झाला. अल्कानं यंत्र काढलं आणि विचारलं, "या टोल्याचं नाव काय जी?"

आता इथं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो टोला वसवला होता देवकाबाईच्या सासऱ्यानं, कवडूनं. म्हणून तो कवडूटोला. कवडूच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून हा जन्मला तसा आईनं त्याला सुइणीच्या हातात देऊन एका कवडीला परत विकत घेतला, यमाला वाटावं की हे पोर फुकाचं आहे. म्हणून नाव कवडू. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा देवकाबाईच्या घरचा रिवाज. सासऱ्याला आपल्याकडं मामाजी म्हणतात, तेवढंच म्हणायचं. देवकाबाईनं हा नेम असा पाळला की विचारू नका! मामाजी वारले, नवरा वारला, तरी बाईच्या तोंडून कवडू सोडा, 'कवडी'सुद्धा निघाली नाही. कुणाला शिव्या घालताना "त्याच्यापाशी फुटकी ती नाई" म्हणायची. ऐकणाऱ्याला आपापलं समजून घ्यावं लागे.

तर टोल्याचं नाव विचारल्यावर देवकाबाईनं पदर सावरला, जरा अडखळली आणि म्हणाली, "हा नं? मामाजीचा टोला."

अल्काच्या घरी असला रिवाज नव्हता. तिची आई बापाला भर अंगणातून "गुलाब, जेवाले ये" अशी हाक मारायची, आणि रत्नपालला तर अल्का बाजारातसुद्धा नावानंच बोलावते. जी खोड आपल्या घरात नाही ती दुसऱ्याच्या घरात चटकन दिसत नाही. शिवाय ही नवेगावकडची, मामा तलावांच्या मुलखातली. समोर बघते तर तलाव! मामा म्हणजे मामा तलावच, दुसरं काय असणार? तिनं यंत्रात नाव घातलं: मामातलाव टोला. त्या फोनवाल्या साहेबाला हसणारी आमची अल्का स्वतः त्याच खड्ड्यात पडली, आणि पडल्याचं तिला कळलंही नाही.

निघताना देवकाबाईनं विचारलं, "आमच्याकडची लाइट कवा सुदरन वं?" ते काही अल्काच्या हातात नव्हतं. पण कुणी काही विचारलं की ती आपला नंबर देऊन येते, ही तिची सवय. कागद नव्हता. देवकाबाईनं चुलीतला कोळसा आणून दिला नि अल्कानं दाराच्या चौकटीवर नंबर लिहिला. पुढं दोनदा पोतारा झाला, पण बाईनं तेवढी जागा सोडून घर सारवलं.

चार पावसाळे गेले. ऑगस्टचा महिना, दुपारची वेळ. देवकाबाईची सून ओमेश्वरी दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पोरगा टिकेश ट्रॅक्टर घेऊन छत्तीसगडात गेलेला. कळा वेळेआधीच सुरू झाल्या. टोल्यातली सुईण आली, तिनं पोटावरून हात फिरवला आणि तोंड बारीक केलं.

"पोर आडवं आहे देवका. हे माह्या हातचं नाई. दवाखान्यात ने, नाई तं दोघंही जातीन."

न्यायचं कसं? मूळ गाव नाल्यापलीकडं आणि नाला दुथडी भरून चाललेला. देवकाबाईनं ॲम्ब्युलन्सचा फोन लावला. तिकडं लांबच्या शहरातली एक मुलगी बोलली, गोड, शुद्ध आवाजात.

"मावशी, गावाचं नाव सांगा."

देवकाबाईच्या ओठावर नेहमीचं आलं होतं. पण आतून ओमेश्वरी ओरडली, आणि बाईनं डोळे मिटून घेतले. ज्या नावाला उभ्या जन्मात जीभ लावली नव्हती ते तिनं घेतलं.

"कवडूटोला."

तिला वाटलं, भिंतीवरच्या फोटोतून मामाजी बघून राहिले. तिकडं बटणं वाजली.

"मावशी, असं गाव इथे दाखवत नाही."

काय म्हणावं याला! देवकाबाई फोन हातात धरून मटकन खाली बसली. "जनमात एकडाव नाव घेतलं बाई, आन् तेबी वाया गेलं," असं म्हणून रडायलाच लागली. मुलगी भली होती, तिनं धीर देत देत मूळ गावाचं नाव काढून घेतलं आणि गाडी सोडली. पण ती गाडी जाऊन उभी राहणार कुठं, तर नाल्याच्या त्या काठावर. हे देवकाबाईला कळत होतं. तेव्हा तिची नजर चौकटीवर गेली.

अल्का गोंदियाच्या ऑफिसात भात गिरणीवाल्यांसाठी धानाच्या क्षेत्राचा नकाशा करत बसली होती.

"तू रिमोट घेऊन आली होतीस नं वं, शहारे? मी तलावाच्या टोल्यावरची देवका. माही सून मरून राहिली. आमचा टोला कोठी गेला तुह्या नकाशातून?"

सगळं ऐकून अल्कानं कवडूटोला टाइप केलं. काही नाही. मग नाव सोडलं आणि डोळ्यांनी शोधलं. दरेकशाचं स्टेशन, डोंगर, जंगल, तलाव. तलावाच्या पाळीखाली तिचाच ठिपका होता, आणि त्यावर तिनंच लिहिलेलं नाव. मामातलाव टोला.

"मामाजी!" अल्का मोठ्यानं म्हणाली. ऑफिसातली माणसं वळून बघू लागली. कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं तिला. पण तेव्हा रडत बसायला वेळ नव्हता. तिनं ॲम्ब्युलन्सला फोन लावून तिथल्या मुलीकडून ड्रायव्हरचा नंबर मिळवला. ड्रायव्हरचं नाव खुशाल. तो नाल्याकाठी डोक्याला हात लावून उभा होता.

"दादा, फोनमधे मामातलाव टोला टाक."

"मिल गया मॅडम," खुशाल म्हणाला. "पर नाल्याच्या पार आहे. दुसरा रास्ता नहीं दिखा रहा."

रस्ता नव्हताच. रस्त्यांच्या थरात तरी नव्हता. अल्कानं वनविभागाचा जुना थर उघडला. तिथं तिचीच चाललेली जाळरेषा होती, स्टेशनच्या रस्त्यापासून निघून डोंगराच्या अंगानं थेट तलावाच्या पाळीपर्यंत. विजेचा थर उघडला, तर जाळरेषेच्या तोंडाशी डीपीचा खांब. बापाची गोधडी बरोबर शिवली गेली होती. पण जाळरेषा ती उन्हाळ्यात चालली होती, तीही बऱ्याच वर्षांपूर्वी. आता झाडं पडली असतील तर? गाडी जंगलात अडकली तर? तिला एवढंच पक्कं आठवत होतं की तिथली जमीन मुरमाड आहे, पाण्यानं चिखल होत नाही. चप्पल तुटून तळपायाला खडे टोचले होते, ते कोण विसरेल?

"मागं फिर दादा. स्टेशनच्या रस्त्याले लाग. फाटक ओलांडलं का डावीकडे डीपी लागते, तिच्या बाजूनं जंगलात घाल गाडी. घाबरू नको, खाली मुरूम आहे."

मग देवकाबाईला सांगितलं, "माय, टोल्यात जे कोणी असन त्याले कुऱ्हाडी घेऊन जाळरेषेनं पाठवा. झाड आडवं असन तं तोडत या म्हना."

माणसं धावली. परा, म्हणजे धानाची रोपं, लावायला गेलेली चिखलाच्या पायांनीच धावली. मग खुशालचा फोन जंगलात शिरला आणि बंद पडला, तिथं रेंज कुठली! अल्का पडद्यावरच्या त्या बारीक रेघेकडं बघत बसली. स्वतः काढलेली रेघ, आणि तिच्यावर आता कुणाचा तरी जीव चाललेला. बाजूच्या कुणीतरी चहा आणून ठेवला. तो निवून त्यावर साय धरली, तरी तिनं हात लावला नाही.

शेवटी फोन वाजला. मागं माणसांचा गलका होता.

"आली वं शहारे. आली गाडी पाळीवर. चढवून राहिले तिले."

तेव्हा कुठं अल्काच्या जिवात जीव आला, आणि मग मात्र ती टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. ओमेश्वरीचं पोट कापावं लागलं, पण मायलेकी दोघी जगल्या.

बाळंतीण घरी आल्यावर अल्का पुन्हा त्या टोल्यावर गेली. या वेळी नाव दुरुस्त करायला, आणि खरं सांगायचं तर तोंड दाखवायला. देवकाबाईपुढं तिनं सगळं कबूल केलं. मामाजी म्हणजे मामा तलाव समजले, म्हणाली. देवकाबाईनं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून अशी हसली की खाटेवरची ओमेश्वरीही हसू लागली, नि टाका दुखतो म्हणून दोन्ही हातांनी पोट धरून बसली.

"म्हंजे मी त्या पोरीले मामाजीचा टोला मनलं असतं तं?"

"मामावरून कदाचित सापडला असता," अल्का म्हणाली.

"घ्या! नेम पाळला तवा टोला गेला, आन् मोडला तवाही नाई सापडला."

अल्कानं यंत्रात नाव बदललं. कवडूटोला. पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. तिनं ओमेश्वरीला विचारलं, "तू एकटी असतीस तं काय सांगितलं असतंस?"

ओमेश्वरीनं सासूकडं चोरून पाहिलं. "मीबी मामाजीचा टोलाच मनतो. आजेसासऱ्याचं नाव कसं घेऊ?"

अल्काच्या लक्षात आलं, टोलाभरातल्या सुना तेच म्हणत असणार. आणि असे किती टोले ती हिंडली होती! भरदुपारी पुरुष शेतात, ओसरीत बाई, आणि बाईनं सांगितलेलं नाव. कोण जाणे कुठं कुठं कुणाचे सासरे, कुणाचे भासरे, म्हणजे थोरले दीर, नकाशात वेश बदलून बसले असतील. नकाशाच्या तक्त्यात दुसऱ्या नावासाठी एक रकाना असतो, तो सहसा कुणी भरत नाही. अल्कानं तिथं लिहिलं: मामाजीचा टोला. त्यानंतर आजतागायत ती प्रत्येक टोल्यावर दोन प्रश्न विचारते. एक, नाव काय. आणि दुसरा, बाया काय म्हणतात.

पण देवकाबाईला तो रकाना पटला नाही. अल्कानं वाचून दाखवल्यावर ती उठली, भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"मामाजी, तुमचं नाव घेतलं मी. माफ करजा, नाई तं नोका करू." मग सुनेकडं वळली. "ओमेश्वरी, मन. कवडूटोला."

"अव आत्याबाई..."

"मन मनतो नं! नाव घेतल्यानं मामाजी मरत नाईत, ते कवाचेच मेले. न घेतल्यानं तू मेली असती."

ओमेश्वरीनं लाजत, मान खाली घालून, ओठातल्या ओठात म्हटलं.

"जोरानं," देवकाबाई म्हणाली. "त्या फोनवरच्या पोरीले आयकू गेलं पाहिजे."

"कवडूटोला!" ओमेश्वरी ओरडली, आणि पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली. देवकाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

"आयकलं का वं बाई?" नातीच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली. "कोनी विचारलं तं हेच सांगजो."